संयुक्त पदवीत खेळालाही जागा द्या : महाराष्ट्रातील कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, विद्या परिषदांचे सन्माननीय सदस्य आणि क्रीडा विभागांचे संचालक,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.

सविनय नमस्कार.

वर्तमानपत्रात एखाद्या विद्यापीठाच्या सामंजस्य कराराचा फोटो आला, की मी आधी विषयाचं नाव शोधतो. डेटा सायन्स, औषधनिर्माण, फिनटेक, कृत्रिम बुद्धिमत्ता, अधूनमधून एखादी परदेशी भाषा. दोन्हीकडची मंडळी फायली हातात धरून हसत असतात, मागे दोन देशांचे झेंडे. त्या फोटोखाली खेळ हा विषय मला अजून दिसलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी एका अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. पोरांच्या भाषेत जिमखान्याचा सर. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी देण्याची जी वाट २०२२ पासून आपल्याला मोकळी आहे, ती खेळाच्या क्षेत्रासाठी वापरा. शारीरिक शिक्षणाच्या बी.पी.एड. किंवा एम.पी.एड.ला नवं नाव देऊन नव्हे. खेळ, कायदा, व्यवस्थापन, शरीरशास्त्र आणि अभियांत्रिकी एका वर्गात बसतील अशी पदवी काढा.

सध्या खेळाडू विद्यार्थ्याला विद्यापीठ काय देतं? ट्रॅकसूट, टीए-डीए, आंतरविद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि परीक्षेत थोडक्यात गाडी अडली तर सवलतीचे गुण. 'अश्वमेध' या राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाच्या संघात निवड झाली तर गावात कौतुक. हे सगळं हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातली एकही गोष्ट त्याच्या अभ्यासक्रमाच्या आत नाही, सगळ्या बाहेरून चिकटवलेल्या आहेत. शिबिर आणि सत्र परीक्षा एकाच आठवड्यात आल्या की त्याची हजेरी मिळवायला मी विभागप्रमुखांच्या दारात उभा असतो, आणि विभागप्रमुख माझ्याकडे उधारी मागायला आलेल्या माणसासारखे बघतात.

आमच्याकडे एक मुलगी होती, आठशे मीटर धावायची. वाणिज्य शाखा. तिची एक दोनशे पानी वही असायची. रकाने आखलेले: धावेची एकूण वेळ, शेवटच्या दोनशे मीटरची वेळ, आदल्या रात्रीची झोप, सकाळी उठल्या उठल्या मोजलेले नाडीचे ठोके, पाळीचा कितवा दिवस, आणि शेवटच्या रकान्यात एक ते दहा या मापात 'आज किती जड गेलं'. कुणी शिकवलं नव्हतं. मोठमोठे संघ ज्याला लोड मॉनिटरिंग म्हणतात आणि ज्यासाठी पगारी माणूस ठेवतात, ते हेच काम. तिच्या गुणपत्रिकेत त्याचा एक श्रेयांक नाही. घोट्याची दुखापत झाली, धावणं सुटलं. आज ती एका पतसंस्थेत ठेवींच्या पावत्या फाडते. नोकरीत वाईट काही नाही. पण त्या वहीपासून एखाद्या संघाच्या क्रीडा विज्ञान कक्षापर्यंत जाणारा रस्ता आपल्या एकाही महाविद्यालयातून निघत नव्हता, हे मला सलतं.

खेळाडूला नोकरी देण्याची आपली रीत जुनी आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं आणि पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला तीन पोझिशन रायफल प्रकारात कांस्य जिंकलं तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्या आधारावर कित्येक घरं उभी राहिली आहेत. मात्र या सगळ्या खेळामुळे मिळालेल्या नोकऱ्या. खेळातल्या नोकऱ्या वेगळ्या. त्या देशात वाढताहेत आणि आपली पोरं त्यांच्या आसपासही नाहीत. प्रो कबड्डी २०१४ पासून सुरू आहे, महिलांची प्रीमियर लीग २०२३ पासून. कबड्डीचा एक संघ मॅटवर उतरतो तेव्हा मागे व्हिडिओ अॅनालिस्ट असतो, फिजिओ असतो, आहारतज्ज्ञ असतो, खेळाडूंचे करार सांभाळणारा असतो, प्रायोजकांशी बोलणारा असतो. कबड्डी आपल्या मातीतली. या खुर्च्यांवर आपली मुलं किती आहेत, याची एकदा चौकशी करून पाहा.

या कामांची अडचण अशी की ती कुठल्याच एका विभागाची नाहीत. त्याचं उदाहरण ऑगस्ट २०२४ मध्ये साऱ्या देशाने पाहिलं.

विनेश फोगाटने ६ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास किलो गटात तीन कुस्त्या मारल्या. पहिल्याच फेरीत तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं. संध्याकाळी वजन केलं तर ते मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त. रात्रभर वजन उतरवणं चाललं. जेवण बंद, पाणी तोडलेलं, घाम काढणं, शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम कुस्तीआधीच ती अपात्र ठरली. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला. मग प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं, हरीश साळवे उभे राहिले, आणि १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला. आपण सगळ्यांनी तो आठवडा हळहळत काढला. मी मात्र एका गोष्टीचा विचार करत होतो. त्या प्रकरणात नुसता वकील पुरत नाही, नुसता डॉक्टर पुरत नाही, नुसता वस्तादही पुरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वजनाचा नियम काय, तो मोडला तर शेवटचा क्रमांक का मिळतो, सकाळच्या वजनानंतर खाल्लेलं शरीरात किती भरतं, आणि हे सगळं लवादापुढे काही तासांत कसं मांडायचं, हे एकाच डोक्यात असलेली माणसं लागतात. आमच्याकडच्या तालमीत पोरं आजही अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळून, त्यावर दोन स्वेटर चढवून उन्हात पळतात आणि डब्यात थुंकत बसतात. त्यांना कोण सांगणार? वस्तादांना विज्ञान माहीत नाही आणि विज्ञान शिकलेल्याने तालीम पाहिलेली नाही.

अशी माणसं जाणीवपूर्वक तयार करणारी पदवी जगात आहे. न्यूशातेल हे स्वित्झर्लंडमधलं लहानसं शहर. तिथे फिफा, न्यूशातेल विद्यापीठ आणि स्थानिक शासन यांनी मिळून १९९५ मध्ये क्रीडा अभ्यासाचं एक केंद्र काढलं. त्या केंद्रामार्फत २००० पासून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, त्याला सर्रास 'फिफा मास्टर' म्हणतात. वर्ष एक, देश तीन, विद्यापीठं तीन. सुरुवातीला इंग्लंडात लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात खेळाचा इतिहास आणि समाजशास्त्र. मग इटलीत मिलानच्या बोक्कोनीत व्यवस्थापन. शेवटी न्यूशातेलला क्रीडा कायदा. वर्गात साधारण तीस विद्यार्थी, वीसेक देशांचे. कुणी खेळाडू, कुणी वकील, कुणी पत्रकार, कुणी बँकेतली नोकरी सोडून आलेला.

फिफाचं नाव घेतलं की काहींना २०१५ ची झुरिकच्या हॉटेलातली धरपकड आठवेल. रास्त आहे. पण खेळाचा कारभार सुधारायचा तर नियम वाचता येणारी माणसं आत जावीच लागतात, आणि ती या वर्गातून गेली आहेत.

त्सुनेयासु मियामोतो याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा तो चालताबोलता पुरावा आहे. मियामोतो जपानचा फुटबॉल बचावपटू. २००२ च्या विश्वचषकात मोडलेल्या नाकावर काळा मुखवटा लावून खेळलेला, तोच. गांबा ओसाकाकडून खेळता खेळता त्याने दोशिशा विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली होती. २००४ च्या आशिया चषकात उपांत्यपूर्व फेरीत जपानची गाठ जॉर्डनशी पडली आणि सामना पेनल्टी शूटआऊटवर गेला. जपानचे पहिले दोन्ही फटके फुकट गेले, कारण त्या गोलसमोरची हिरवळ उखडली होती आणि मारणाऱ्याचा टेकवलेला पाय निसटत होता. कर्णधार मियामोतो पंचांकडे गेला आणि भर शूटआऊटमध्ये इंग्रजीतून वाद घालत बसला, की ही बाजू खेळण्याजोगी नाही, दुसऱ्या गोलवर चला. पंचांनी ऐकलं, बाजू बदलली, जपान ४-३ ने जिंकला आणि पुढे चषकही घेऊन आला. आपल्याकडे अशा खेळाडूला 'वकिली करू नकोस' म्हणून गप्प बसवलं असतं.

२०११ मध्ये तो निवृत्त झाला. जपानचा माजी कर्णधार, घरबसल्या समालोचन मिळालं असतं. तो फिफा मास्टरच्या वर्गात जाऊन बसला आणि २०१३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्या अभ्यासक्रमात शेवटी गटाने एक प्रकल्प करावा लागतो. त्याच्या गटाने विषय घेतला बोस्नियातल्या मोस्टार शहराचा. १९९० च्या दशकातल्या युद्धात या शहराचा जुना पूल पाडला गेला. पूल पुढे पुन्हा बांधला, पण नदीच्या दोन काठांवरच्या दोन समाजांची मुलं वेगवेगळ्या शाळांत जात राहिली. गटाने मांडणी केली ती दोन्हीकडची मुलं एकत्र खेळतील अशा क्रीडा प्रबोधिनीची. ती फायलीत पडून राहिली नाही. 'माली मोस्त' या नावाने २०१६ मध्ये ती प्रबोधिनी मोस्टारमध्ये उघडली. मियामोतो पुढे गांबा ओसाकाचा प्रशिक्षक झाला आणि २०२४ मध्ये जपानच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष. मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला कोरियाचा पार्क जी-सुंग हाही याच अभ्यासक्रमातून गेला.

प्रकल्पाचं उदाहरण मुद्दाम दिलं. आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रकल्पांचे गठ्ठे बायंडिंग करून कुठे जातात, हे आपण जाणताच.

हा एकच नमुना नाही. स्वित्झर्लंडमध्येच लोझानला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती, तिथली तांत्रिक विद्यापीठ संस्था आणि लोझान व जिनिव्हा विद्यापीठं यांनी मिळून २००० मध्येच क्रीडा प्रशासन आणि तंत्रज्ञानाचं शिक्षण देणारी अकादमी काढली. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत खेळातल्या सचोटीवर एक संयुक्त पदव्युत्तर पदवी आहे. लूव्हेन, स्वान्सी, प्राग, माइन्झ अशी विद्यापीठं ती मिळून चालवतात. उत्तेजक सेवन, सामनानिश्चिती, संघटनांचा कारभार हे तिचे विषय. या योजनेच्या शिष्यवृत्त्या भारतीय विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात, आणि माझ्या माहितीतल्या एकाही विद्यार्थ्याला त्या आहेत हे आपल्या विद्यापीठाकडून कळलेलं नाही. उत्तेजकांच्या बाबतीत आपली गरज किती मोठी आहे हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांवरून दिसतं: भारतात ५,६०६ नमुने तपासले, २१४ सदोष निघाले, ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत आपला दर सर्वांत वर. गावोगावच्या व्यायामशाळेत डब्यातली पावडर देणारे आहेत, डब्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारं कुणी नाही.

आता आपल्या दारात काय आलंय ते बघा. जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इथे संकुलं उघडण्यासाठीची इरादापत्रं दिली गेली. त्यांत युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं नाव आहे. क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला हे विद्यापीठ खरं तर आधीच माहीत असायला हवं. श्रीलंकेचा फिरकीपटू मुथय्या मुरलीधरन चेंडू टाकतो की हात वाकवून फेकतो, हा वाद जिथे मोजपट्टीने सोडवायचा प्रयत्न झाला ती प्रयोगशाळा पर्थला याच विद्यापीठात. खांद्यावर, कोपरावर, मनगटावर चमकणाऱ्या खुणा चिकटवायच्या, भोवती वेगवान कॅमेरे लावायचे, गोलंदाजाने आपल्या नेहमीच्या वेगाने चेंडू टाकायचा, आणि हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती अंशांनी सरळ झालं ते गणकाने काढायचं. प्राध्यापक ब्रूस इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मुरलीधरनचा 'दूसरा' हा उलटा वळणारा चेंडू तपासला. त्या काळातल्या नियमात फिरकीला पाच अंश, मध्यमगतीला साडेसात, वेगवानाला दहा अंश अशी सूट होती. मोजमापं जमत गेली तसं लक्षात आलं, की डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसणाऱ्या कित्येक गोलंदाजांचं कोपरही त्याहून जास्त सरळ होतं. २००५ पासून सर्वांना एकच मर्यादा आली, पंधरा अंश. म्हणजे खेळाचा नियम प्रयोगशाळेने बदलला, आणि त्या प्रयोगशाळेत शरीरशास्त्रवाला, संगणकवाला आणि क्रिकेट कळणारा अशी तिन्ही माणसं एका टेबलाशी होती.

असं विद्यापीठ मुंबईत येऊ घातलंय आणि त्यांच्याशीही आपण फक्त एमबीए आणि डेटा सायन्सचंच बोलणार असू, तर काय म्हणायचं?

नियमांची अडचण सांगितली जाते म्हणून त्याबद्दल थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाची ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीबद्दलची नियमावली मे २०२२ पासून लागू आहे. नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असलेली किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरांत असलेली भारतीय संस्था, जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत असलेल्या परदेशी विद्यापीठाबरोबर आयोगाच्या वेगळ्या पूर्वपरवानगीशिवाय असा अभ्यासक्रम सुरू करू शकते. संयुक्त पदवीत दोन्हीकडून किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि प्रमाणपत्र एकच, त्यावर दोघांची बोधचिन्हं. २०२१ च्या मूल्यांकनात मुंबई विद्यापीठाला ३.६५ गुण होते, शिवाजी विद्यापीठाला ३.५२. पात्रतेचा प्रश्न नाही. (एकाच वेळी दोन पदव्या करायची जी मुभा २०२२ मध्येच मिळाली, ती वेगळी. बी.कॉम. करता करता बाहेरून दुसरी पदवी करणं हा त्यावरचा उपाय नाही. दोन अर्ध्या वाटा जोडून पूर्ण रस्ता होत नाही.)

गणितही सोपं आहे. आपल्याकडे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची, सत्राला २२. तीस टक्के म्हणजे साधारण २७. विद्यार्थ्याने एक सत्र तिकडे काढलं आणि प्रकल्पाचे सहा श्रेयांक तिकडच्या मार्गदर्शकाकडे केले, की २८ होतात. उरलेली तीन सत्रं इथे. परदेशात पूर्ण पदवी करायच्या खर्चाच्या तुलनेत हे कुठल्या कुठे. इथल्या सत्रांसाठीसुद्धा एका विद्यापीठाने सगळं उभारायचं कारण नाही. फिजिओथेरपीची महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, कायद्याची राष्ट्रीय विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, अभियांत्रिकीसाठी पुण्याला सीओईपी आहे, आणि कुस्ती-कबड्डी-खो-खोची मैदानं प्रत्येक तालुक्याला आहेत. वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक एकत्र जमा करणारी श्रेयांक बँक त्यासाठीच तर आहे. राज्याने २०२० च्या हिवाळी अधिवेशनात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. ते विद्यापीठ पूर्ण ताकदीने कधी चालेल त्याची वाट पाहत बाकीच्यांनी हात बांधून बसावं, असं त्या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

आणि पुढे नोकऱ्या आहेत का, हा पालकांचा पहिला प्रश्न. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आहे, वाद सोडवायला स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरण आहे, संघटनांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना जागा आहेत. आजवर संघटना एका घराण्याच्या किंवा एका साहेबांच्या कृपेने चालायच्या. आता तिथे हिशेब, निवडणूक, तक्रार निवारण नियमाने करणारी माणसं लागणार. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत. स्पर्धा उभी करायला चार वर्षं आधीपासून माणसं घेतात. आज प्रवेश घेतलेला विद्यार्थी तेव्हा नेमका तयार असेल. सगळ्यांनाच पंचतारांकित नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. भारतीय खेळांत पगार अजून तोकडे आहेत, हंगामी करार जास्त आहेत, आणि क्रिकेटबाहेर पैसा झिरपत झिरपत येतो. पालकांना हेही स्पष्ट सांगावं. खोटी जाहिरात करणाऱ्या संस्था आधीच पुष्कळ आहेत.

म्हणूनच एक भीती आधीच बोलून दाखवतो. ही पदवी निघेल आणि तिचं रूपांतर श्रीमंतांच्या मुलांसाठीच्या महागड्या 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट'मध्ये होईल. वातानुकूलित वर्ग, आयपीएलच्या सामन्याला एक भेट, सेल्फी, संपलं. ज्यांनी कधी शूज फाटेपर्यंत सराव केलेला नाही अशी मुलं खेळाडूंचं व्यवस्थापन शिकतील आणि खेळाडू बाहेर बसतील. ते टाळायचं असेल तर निम्म्या जागा आंतरविद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळलेल्यांसाठी ठेवा आणि प्रवेशात त्यांचं खेळणं मोजा. त्यांच्या परदेशातल्या सत्राचा खर्च विद्यापीठाने उचलावा. यावर विद्यापीठाकडे पैसे कुठून, असं विचारलं जाईल. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. आपणा कुणाला घर गहाण टाकायला मी सांगत नाही. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी क्रीडा शुल्क आपण घेताच, त्याचा हिशेब मांडला तरी सुरुवात होईल.

भाषेचा प्रश्न खरा आहे. ग्रामीण भागातला चांगला खेळाडू इंग्रजी म्हटलं की मागच्या बाकावर सरकतो. प्रवेशाआधी सहा महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग ठेवा, आणि तो खेळाच्या भाषेतून शिकवा: पंचांचा अहवाल, करारातलं कलम, दुखापतीची नोंद. मियामोतोने पंचांशी जे इंग्रजी वापरलं ते काही नाटककाराचं नसणार, पण कामापुरतं होतं. मुलं तेवढं शिकतात. मी शिकताना पाहिली आहेत.

राहता राहिला आपला घरचा अडथळा. असा प्रस्ताव आला की तो कुठल्या अभ्यास मंडळाकडे पाठवायचा, यावरच वर्ष जातं. वाणिज्यवाले म्हणतात व्यवस्थापन आमचं, विधीवाले म्हणतात कायदा आमचा, शारीरिक शिक्षणवाले म्हणतात खेळ आमचा, आणि आंतरविद्याशाखीय म्हटलं की कार्यभार कुणाच्या नावावर मांडायचा हा प्रश्न येतो. माझ्या स्वतःच्या बिरादरीबद्दलही बोलायला हवं. आम्हा क्रीडाशिक्षकांपैकी अनेकांना हे नवं काही नको आहे. संघ निवडायचा, मैदान आखायचं, बिलं सादर करायची, यात वर्ष जातं आणि त्यात एक प्रकारची सत्ताही असते. क्रीडा विश्लेषण शिकलेला पोरगा उद्या येऊन निवड चाचणीचे आकडे मागेल, ही धास्ती मी सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर वाचली आहे. मागू दे की.

तेव्हा आपल्या पुढच्या विद्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही विनंती. पाच-सहा जणांची समिती नेमावी, आणि तिच्यात कृपा करून एक तरी असा माणूस असावा जो गेल्या पाच वर्षांत स्पर्धेत उतरलेला आहे, आणि एक फिजिओ, आणि एक वकील. सगळे अधिष्ठाताच नकोत. मुंबईत येणाऱ्या विद्यापीठांना आत्ताच पत्र जावं, इमारती उभ्या राहिल्यावर नव्हे. पदवी निघायला दोन वर्षं लागणार असतील तर तोवर चार श्रेयांकांचा एक ऐच्छिक विषय या जूनपासून सुरू होऊ शकतो: क्रीडा कायदा आणि उत्तेजकविरोधी नियम. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी करार लागत नाही. शिकवायला जिल्हा न्यायालयातला एक उत्साही वकील आणि एक डॉक्टर पुरे.

या समितीपुढे माझं म्हणणं मांडायला बोलावलंत तर स्वखर्चाने येईन. फक्त डिसेंबर-जानेवारी सोडून तारीख द्यावी. तेव्हा आंतरविद्यापीठ स्पर्धा असतात आणि संघाबरोबर मी रेल्वेच्या स्लीपर डब्यात असतो.

आपला विश्वासू,
एका महाविद्यालयातला जिमखान्याचा सर